"नंतर तुम्ही काय करायचं ते करा" याचं उत्तर

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, हे घर आवरून तुम्ही दोघं माझ्याजवळ तळमजल्यावरच्या घरात राहायला या, असं मी परवा फोनवर म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आम्ही आहोत तोवर घर आहे तसं राहू दे. नंतर तुम्ही भावंडं काय करायचं ते करा." हे बोलणं फोनवर होण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा. आईला वगळून वाचू नका, कारण यातलं निम्म्याहून जास्त तिच्याशीच आहे.

माझं पोट याच कामावर आहे हे तुम्हाला माहीत आहे. लोकांची घरं आवरून द्यायची, नको ते बाहेर काढायचं, हवं ते बांधायचं आणि मोठ्या घरातून लहान घरात त्यांना नेऊन बसवायचं. हौसेनं मला कुणी बोलावत नाही. कुणाचा नवरा अचानक गेलेला असतो. कुणाला दवाखान्यातून थेट दुसरीकडे न्यायचं असतं, कारण जिना चढणं आता शक्य नसतं. कुणाचा संसार मोडलेला असतो, कुणाचं घर कर्जापायी गेलेलं असतं आणि किल्ली द्यायची तारीख डोक्यावर असते. पण या सगळ्यांत मला जड जातात ती घरं, जिथे सामान आहे आणि ज्याचं सामान ते माणूस नाही. मुलं कपाट उघडून नुसती उभी राहतात. हाताला एक फोटो लागतो, मागे फक्त तारीख लिहिलेली. "ही कोण?" एक जण दुसऱ्याला विचारतो. त्यालाही माहीत नसतं. फोटो टाकवत नाही आणि ठेवायचा कशासाठी तेही कळत नाही. मग तो खोक्यात जातो, खोकं कुणाच्या तरी माळ्यावर जातं, आणि एक दिवस त्या माळ्याखालीही अशीच मुलं उभी राहतात.

बाबा, "नंतर तुम्ही करा" याचा अर्थ हा आहे. मी करीन, मला ते येतं. पण मला ते तुमच्यावाचून करायचं नाही. तुम्ही दोघं समोर बसलेले असताना, तुमच्या तोंडून "हे ठेव, ते दे, हे आता गेलं तरी चालेल" असं ऐकत करायचं आहे. या पत्रात मला एवढंच म्हणायचं आहे, बाकीचं सगळं त्याचं स्पष्टीकरण आहे.

बाबा, आधी तुमच्या तब्येतीचं. तुमचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर कसं अडलं होतं ते मी विसरलेले नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आता तुम्ही वॉकर घेऊन चालता, पण पॅसेजमधलं लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधून जाताना तो उचलून आडवा धरता. मी पाहिलं आहे. आडवा धरलेला वॉकर आधार देत नाही, उलट तोच हातातलं ओझं होतो, आणि नेमकं तिथेच फरशी सखल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हेच कारण येतं, आणि त्यात साठी ओलांडलेली माणसं सर्वांत जास्त. तुम्ही आकड्यांना मानता म्हणून आकडा दिला. मला स्वतःला तो पॅसेज पुरेसा आहे.

आई, आता तुझ्याशी. डॉक्टरांनी जे सांगितलं त्यावर घरात सगळे दबक्या आवाजात बोलतात आणि तू खोलीत आलीस की विषय बदलतात. मला ते पटत नाही. आजार तुझा आहे आणि अजून तुला सगळं उमगतं आहे, तेव्हा बोलणंही तुझ्याशीच व्हायला हवं. तुझ्या या अल्झायमरमध्ये, म्हणजे आठवण हळूहळू जाण्याच्या आजारात, आधी झळ बसते ती नव्याने काही लक्षात ठेवण्याला. जुनं पुष्कळ नंतरपर्यंत टिकतं, आणि हाताला लागलेली सवय तर त्याहूनही चिवट असते. म्हणजे आज आपण नव्या घरात गेलो, तर न्हाणीघराचं दार कुठल्या हाताला, दिव्याचं बटण कुठे, पाण्याचा ग्लास कुठल्या फळीवर, हे रोज करून करून तुझ्या अंगवळणी पडेल. आणखी काही वर्षांनी गेलो तर ते पडेलच असं नाही. मग रोज सकाळी तुला परक्या घरात जाग येईल, आणि तेव्हा तुला काय वाटतं ते नीट सांगताही येणार नाही.

बाबा, तुम्ही म्हणता की तिला या घराची सवय आहे, हलवलं तर ती आणखी बिघडेल. ही भीती पोकळ नाही. जागा बदलल्यावर म्हाताऱ्या माणसाची झोप उडते, भूक मरते, ते चिडचिडं होतं किंवा एकदम गप्प होऊन बसतं. हे इतकं नेहमीचं आहे की १९९२ साली उत्तर अमेरिकेतल्या परिचारिकांच्या निदानसूचीत त्याची वेगळी नोंद झाली. पण ही अवस्था बळावते कधी, तर निर्णय परस्पर दुसऱ्यांनी घेतलेला असतो, त्या माणसाला आधी काही सांगितलेलं नसतं आणि सगळं एका दमात उरकलेलं असतं तेव्हा. उद्या तुम्ही पुन्हा पडलात, तर आपल्याला नेमकं असंच करावं लागेल. तुम्ही दवाखान्यात, आई माझ्याकडे, आणि मी न् दादा घाईघाईत खोकी भरतोय. तुमची जी भीती आहे ती टाळायची असेल, तर आत्ता, सावकाश, तिला बरोबर घेऊन निघणं हाच मार्ग मला दिसतो.

सामान सोडवत नाही याबद्दल तुम्हाला मनातून संकोच वाटतो, हे मला जाणवतं. "म्हातारपणी हाव सुटली," असं तुम्ही स्वतःलाच म्हणालात. असं म्हणू नका. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तीन संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. वर्गातल्या काही जणांना कॉफीचे साधे मग दिले आणि काहींना दिले नाहीत. नंतर मग असणाऱ्यांना विचारलं की किती आले तर विकाल, आणि नसणाऱ्यांना विचारलं की किती देऊन घ्याल. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत दुसऱ्यांच्या दुपटीहूनही जास्त होती. तो मग हातात येऊन किती वेळ झाला होता? काही मिनिटं! तर ज्या टेबलावर तुम्ही आयुष्यभर हिशेब लिहिलेत, आमच्या वह्यांना पुठ्ठे घातलेत, ते सोडताना जीव कासावीस झाला तर त्यात हाव कसली? फक्त एक मात्र आत्ताच सांगून ठेवते, कारण नंतर लागेल. ते टेबल विकायचं ठरलं, तर तुमच्या मनातली किंमत येणार नाही. जुन्या जड फर्निचरला गिऱ्हाईक मिळता मिळत नाही, हे मी घरोघरी पाहते. विकण्यापेक्षा ज्याला गरज आहे अशा कुणाला देऊ, म्हणजे ते कुठे आहे हे तरी तुम्हाला ठाऊक राहील.

आई, मागच्या खेपेला मी तुझ्या शिवणयंत्राचा उजवा खण उघडला होता. रिकाम्या आणि अर्ध्या भरलेल्या बॉबिनी, धार गेलेली कात्री, सुरुवातीचे आकडे पुसून गेलेली मोजपट्टी, यंत्राच्या तेलाची बुधली, आणि काडेपेटीत सुटी बटणं. त्यात एक निळं काचेचं बटण होतं, कडेला टवका उडालेलं. मी विचारायच्या आत तू म्हणालीस, "तुझ्या शाळेच्या पहिल्या कोटाचं." कापड कमी पडलं म्हणून आतून बाबांच्या जुन्या पँटचं अस्तर लावलं होतंस आणि ते कुणाला दिसू नये म्हणून गळ्यापर्यंत बटणं घेतली होतीस. मला हे माहीत नव्हतं. बाबांनाही आठवेना. सकाळी काय झालं ते तुला संध्याकाळी सांगता येत नाही, पण त्या कोटाची शिवण तुला टाक्याटाक्यानिशी आठवते. तो खण उद्या माझ्या एकटीच्या हाती आला असता, तर ते बटण मी केराच्या पिशवीत टाकलं असतं. टवका उडालेलं बटण कोण ठेवतं?

म्हणून आवरण्याची माझी रीत तुमच्या घरात वेगळी असेल. वस्तू तुझ्या हातात द्यायची, तू बोलायचं आणि मी फोनवर तुझा आवाज टिपून घ्यायचा. मग ती वस्तू गेली तरी तुझं सांगणं आपल्याजवळ राहील. तुला काही आठवलं नाही तर नाही, मी खोदून विचारणार नाही. "आठव ना" म्हणून मागे लागलेली माणसं मी पाहिली आहेत, त्याने माणूस घाबरतं आणि उरलंसुरलंही निसटतं. "याचं काय करायचं?" असंही विचारणार नाही. "तुझ्याजवळ ठेवू की दादाला देऊ?" इतकंच विचारीन, म्हणजे उत्तर जवळ राहतं.

काम सकाळी करू, तुझं डोकं ताजं असतं तेव्हा. या आजारात दिवस कलला की गोंधळ वाढतो, म्हणून दुपारनंतर एकही खण उघडायचा नाही. आणि सुरुवात फोटोंपासून मुळीच नाही. फोटोंपासून सुरू केलेलं आवरणं पहिल्याच अल्बमला थांबतं. आधी माळा, मग अडगळीची खोली, मग एकाच कामाच्या दोन-दोन वस्तू. हात आणि मन दोन्ही सरावली, की मग जिव्हाळ्याचं.

तुमच्या पाठीमागे मी एक चिठोराही टाकणार नाही, हे लिहून देते. "त्यांना दोन दिवस बाहेर न्या, तोवर आम्ही साफ करतो," असं सांगणारी मुलं मला भेटतात. मी ते काम घेत नाही. पुढे प्रत्येक न सापडणाऱ्या वस्तूचा आळ त्या दोन दिवसांवर येतो, आणि आईसारख्या माणसाला तर सगळं घरच चोरीला गेल्यासारखं वाटतं. ज्यांना काहीच टाकवत नाही, अशा माणसांच्या त्रासाला २०१३ पासून मनोविकारांच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. तिथेसुद्धा जबरदस्तीने घर रिकामं केलं तर ते पुन्हा भरतं, हाच अनुभव आहे. तुमचं तसं काही नाही. पण पाठीमागून काढलेली वस्तू मनातून जात नाही, हे सगळ्यांनाच लागू आहे.

कागदपत्रांचं बाबा बघतील. मृत्युपत्र, घराचे मूळ कागद, विमा, निवृत्तिवेतन, दोघांचे दवाखान्याचे कागद आणि चालू औषधांची यादी, हे एका पिशवीत. ही पिशवी सामानाच्या गाडीत चढवायची नाही, ती आपल्या हातातच राहील. बंद पडून कधीच गेलेल्या यंत्रांच्या पावत्या आणि हमीपत्रं काढून टाकू, तुमच्या निम्म्या फायली तिथेच हलक्या होतील. मात्र पुस्तकं देण्याआधी प्रत्येक पुस्तक झटकून बघायचं, कोटांचे खिसे तपासायचे, आणि खणांच्या तळाला अंथरलेल्या कागदाखाली हात घालायचा. पैसे, पत्रं, कधी अंगठीसुद्धा तिथे मिळते. कुणी ठेवलं ते ठेवणाऱ्याच्याही ध्यानात नसतं.

फोटोंचं सांगते. चिकट पानांवर पारदर्शक कागद असलेले ते तीन जाड अल्बम आधी सोडवायला हवेत, तो गोंद पिवळा पडून फोटोंना खातो. निघत नसेल तर ओढायचा नाही, मागून दात साफ करायचा दोरा अलगद सरकवायचा. प्रत्येकाच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावं लिहायची, बॉलपेन नको, त्याचा उठाव पुढे दिसतो. आणि त्या व्हिडिओ कॅसेट! व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये ते यंत्र बनवणं बंद केलं. फीत वर्षागणिक खराब होते आणि ती दाखवणारी यंत्रंही संपत चालली आहेत. त्या मी लगेच घेऊन जाते आणि संगणकावर उतरवून आणते. यावर चर्चा नको.

दादाशी मी बोलले आहे. त्याला आणि मला काय हवं ते आम्ही वेगवेगळ्या कागदांवर लिहून तुमच्याकडे देऊ, एकमेकांचं न बघता. भावंडांची भांडणं महागाच्या वस्तूंवरून होतात असा समज आहे. मी पाहते ती होतात घड्याळावरून, पितळी डब्यावरून, आजीच्या चष्म्यावरून, कारण त्याचे दोन भाग करता येत नाहीत. तुम्ही असताना एक शब्द बोललात की तो प्रश्न मिटतो. तुमच्यामागे तोच शब्द कुणालाही बोलता येत नाही.

किरकोळ पण जपून करायचं: मुदत संपलेली औषधं मोरीत ओतू नका, मी येईन तेव्हा योग्य ठिकाणी देईन. पाऱ्याचा जुना थर्मामीटर कपाटातच राहू दे, हाताळू नका. फुटलाच तर झाडूने किंवा व्हॅक्यूमने गोळा करायचा नाही, पारा आणखी पसरतो. खिडक्या उघडा, खोलीबाहेर जा आणि मला फोन करा. फुगलेल्या बॅटऱ्या केरात नकोत. पुस्तकं लहान खोक्यांत भरायची, मोठ्या खोक्यात भरली की उचलणाऱ्याची पाठ जाते.

आता नवं घर. तळमजला, माझ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सामान हलवायच्या दिवशी आई त्या धांदलीत नको, ती माझ्याकडे राहील आणि बाबा तिच्याजवळ. ती पाऊल ठेवील तेव्हा तिची खोली लागलेली असेल, बाकी घरात खोकी असली तरी चालतील. पलंग भिंतीच्या त्याच बाजूला, उशाशी तोच दिवा, त्याच हाताला. पांघरूण मी धुणार नाही, ओळखीचा वास राहू दे. जायच्या आधी आत्ताच्या खोलीचे फोटो काढून घेईन आणि त्याबरहुकूम मांडीन. पलंगावरून संडासाचं दार दिसायला हवं आणि रात्री तिथे मंद दिवा. कपाटांच्या दारांवर आत काय आहे त्याची चित्रं लावू. काळपट पायपुसणी मात्र नेणार नाही. या आजारात गडद रंगाचा चौकोन कधी जमिनीतल्या खड्ड्यासारखा दिसतो, आणि माणूस तो ओलांडायला जातं. मोठा आरसाही सध्या नको.

बाबा, तुम्हाला दुःख होईल, मला माहीत आहे. मलाही होईल, मी त्या घरात रांगले आहे. ते होऊ नये म्हणून मी काही युक्ती सांगणार नाही. एक मागणं आहे. तुम्ही दोघांनी एकेक वस्तू अशी निवडा, जी नेण्याचं कारण कुणालाही द्यायचं नाही, मलासुद्धा नाही. कितीही मोठी असो, कितीही निरुपयोगी असो, तिला जागा करीन.

मी येताना नव्या घराचा नकाशा आणते, एका मीटरला चार सेंटिमीटर या प्रमाणात आखलेला. तुम्ही तोवर पलंग, कपाटं, टेबल आणि शिवणयंत्र मोजून ठेवा. लांबी-रुंदीबरोबर कपाटाचं दार उघडल्यावर पुढे किती जागा लागते तेही हवं. त्याच प्रमाणात जाड कागदाचे तुकडे कापा, नकाशावर सरकवून काय बसतं ते तुम्हीच पाहा. वॉकरला मधून नव्वद सेंटिमीटरची मोकळी वाट सोडायची, एवढी एकच अट माझी. कुठलं कपाट जातं आणि कुठलं राहतं, हे मी सांगण्यापेक्षा त्या कागदावर तुम्हाला दिसलेलं बरं.

आणि आई, खिडकीखाली उजेडाची जागा एकच आहे. तिथे तुझं यंत्र किंवा बाबांचं टेबल, दोन्ही मावणार नाहीत. ते तुम्ही दोघांनी ठरवा, मी मधे पडणार नाही. रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा काय ठरलं ते आधी तू सांग, मग बाबांकडे दे.

तुमची लेक